वाण म्हणून पेन ड्राइव्ह: मुक्त सॉफ्टवेअर वाटायचं तर कशावर भरून द्यावं?

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत इंदूरच्या मराठी घरांत हळदीकुंकवाची धांदल असते. रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर. एका संध्याकाळी चार-चार घरं होतात आणि परतताना पिशवीत वाणाच्या वस्तू साठलेल्या असतात. गाळणी, कंगवे, डब्या, स्टीलच्या वाट्या. गेली काही वर्षं मी वाण म्हणून मुक्त सॉफ्टवेअर लुटते, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं आणि वाटावं अशी मोकळीक असलेलं. कुंकू लावायचं, अत्तर, तिळगूळ, आणि हातात एक पेन ड्राइव्ह. माझ्याकडे सवाष्ण, विधवा, अविवाहित असा भेद नाही. कॉम्प्युटर सगळ्यांकडेच असतो.

हे वाण ठरवताना मी पुष्कळ चुकले. पहिल्या वर्षी डीव्हीड्या दिल्या, त्यातल्या निम्म्या घरांत ती घालायला जागाच नव्हती. पुढच्या वर्षी स्वस्त पेन ड्राइव्ह घेतले, ते बनावट निघाले. म्हणून आता जे जमलं आहे ते नीट क्रमाने लिहून ठेवते. तुम्ही हळदीकुंकवाला द्या, गणेशोत्सवात मंडळाच्या टेबलावर ठेवा किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात वाटा, काम तेच आहे. माध्यम निवडताना "एक नग कितीला पडतो" हा माझा पहिला प्रश्न असायचा. आता पहिला प्रश्न वेगळा असतो: ही वस्तू रात्री दहा वाजता, मी शेजारी नसताना, नेट बंद असताना, त्या घरातल्या त्या यंत्रात चालेल का?

आधी यंत्रांची यादी करा

आमंत्रणाचा फोन करतानाच मी चार गोष्टी विचारून वहीत लिहून घेते. कॉम्प्युटर साधारण कधी घेतला, रॅम किती, डीव्हीडीचा ट्रे आहे का, आणि त्यावर घरात कोण काय करतं. चौथं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं असतं. "मुलगा सीपीसीटीची तयारी करतोय", "यांचे सोसायटीचे हिशेब असतात", "नातू चित्रं काढतो" हे कळलं की काय भरून द्यायचं ते निम्मं ठरतं. (सीपीसीटी म्हणजे मध्य प्रदेशातली कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा.)

रॅम माहीत नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडायला सांगा. रॅम आणि ६४ बिट की ३२ बिट हे दोन्ही तिथे दिसतं. अजून एक गोष्ट शोधपट्टीत "सिस्टिम इन्फर्मेशन" लिहून पाहता येते: तिथे "बायोस मोड" या ओळीसमोर यूईएफआय आहे की लेगसी, म्हणजे यंत्र नव्या पद्धतीने सुरू होतं की जुन्या. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा म्हटलं की कोणालाही जमतं.

हा प्रश्न सध्या एवढा तातडीचा का झाला, तेही सांगते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण नोंदणी केली तरच, आणि तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१३-१४ ते २०१७ मध्ये घेतलेले, अजून ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप घराघरांत अडकून पडले आहेत. "आता हा भंगारात द्यायचा का?" असं मला ज्या बायकांनी विचारलं, त्यांच्यासाठीच हे वाण.

वही भरली की माझे चार गठ्ठे होतात.

ज्यांना विंडोज सोडायचंच नाही, त्यांना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची मुक्त सिस्टिम, देऊ नका. त्यांना विंडोजवर चालणारी मुक्त सॉफ्टवेअर द्या. हा गठ्ठा दरवर्षी सगळ्यांत मोठा असतो आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. दुसरा गठ्ठा ६४ बिट, चार जीबी किंवा जास्त रॅमच्या यंत्रांचा. तिथे लिनक्स मिंटची सिनेमन आवृत्ती. तिसरा दोन ते चार जीबीचा. तिथे मिंटचीच हलकी एक्सएफसीई. मिंटला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्क लागते, चार जीबी आणि शंभर जीबी असेल तर आरामात चालतं.

चौथ्या गठ्ठ्यात फक्त ३२ बिटची यंत्रं. मिंटने २०२० च्या २० व्या आवृत्तीपासून ३२ बिट सोडलं. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर दिला नाही. अँटिएक्ससारखे पर्याय उरतात, पण ते एकट्याने बसवायला सांगण्यासारखे नाहीत. अशा घरी पेन ड्राइव्ह पाठवण्याऐवजी मी स्वतः जाते.

डीव्हीडी, पेन ड्राइव्ह की आणखी काही

माझ्या पिढीला उबुंटू या लिनक्सच्या सीडीची आठवण आहे. नेटवर मागणी नोंदवायची आणि काही आठवड्यांनी पोस्टमन लिफाफा आणून द्यायचा, एक पैसा न घेता. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. मी ती सीडी अजून ठेवली आहे. कोणीतरी दूरवरून आपल्या घरी पोचवलेली ती वस्तू होती, आणि वाटण्याची माझी हौस तिथूनच आली. पण आठवणीवरून माध्यम ठरवू नका. सीडीत ७०० एमबी मावतात. आज घरगुती वापराची बहुतेक मोठी लिनक्स वितरणं, म्हणजे मिंट, उबुंटू यांसारखे तयार संच, त्यात बसत नाहीत.

साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरला ते ४.३८ च्या आसपास दिसतं. मिंटची इमेज, म्हणजे सबंध सिस्टिम असलेली एक फाइल, तीन जीबीच्या आसपास असते, ती बसते. उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपची इमेज साडेपाच जीबीच्या वर आहे, ती बसत नाही. दुपदरी डीव्हीडीवर मावेल, पण ती महाग, आणि जुने ड्राइव्ह ती वाचताना अडखळतात.

तरीही डीव्हीडीचा एक गुण मला मोठा वाटतो: एकदा भरली की तिच्यात कोणी काही लिहू शकत नाही. सायबर कॅफेतला व्हायरस तिला लागत नाही, आणि कोणी चुकून ती पुसून गाणीही भरत नाही. दोष असे की नव्या लॅपटॉपला ट्रेच नसतो, वाचन सावकाश होतं, आणि लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. माळव्यातला मे महिना खिडकीत काढलेली डीव्हीडी पावसाळ्यात चालेल असं धरून चालू नका. २०१२ च्या आधीचं, ट्रे असलेलं आणि पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला कुरकुरणारं डेस्कटॉप असेल तरच मी डीव्हीडी देते. कमी वेगाने भरते, भरून झाल्यावर पडताळणी करते, आणि नाव मार्करने लिहिते. कागदी स्टिकर लावू नका. फिरताना तोल जातो आणि ड्राइव्हमध्ये सुटून आला तर ड्राइव्हच जातो.

मायक्रोएसडी कार्ड फक्त रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांसाठी. घरगुती वाणात त्याचं काम नाही.

बाकी सगळ्यांसाठी पेन ड्राइव्ह. इथे थोडं थांबून नीट निवड करायला हवी.

मिंटला आठ जीबी पुरतात. पण आठचे चांगले नग आता कमी दिसतात, तेव्हा सोळा घ्या. बत्तीसच्या वर जाण्यात अर्थ नाही, कारण जागा जेवढी जास्त तेवढा "यात सिनेमे भरू या" हा मोह जास्त. जोडणी जुन्या चौकोनी यूएसबीची असू द्या. वहीत फक्त टाइप-सी असलेला लॅपटॉप दिसला तर दोन तोंडांचा घ्या. जुन्या यंत्राला यूएसबी ३ चा वेग मिळणार नाही, पण तसा नग तिथेही चालतो आणि तुमचा लिहायचा वेळ वाचतो, म्हणून परवडत असेल तर तोच. नखाएवढे चिमुकले नग घेऊ नका, ते हरवतात. मागे भोक असलेला घ्या म्हणजे दोरा ओवून चिठ्ठी बांधता येते.

भाव सारखे वरखाली होतात म्हणून आकडा लिहीत नाही. इंदुरात जेल रोडला आणि सिल्व्हर मॉलला चौकशी करून, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर आणि सीलबंद घ्या. घाऊक घेताना आधी दोन नग घेऊन तपासा, मगच उरलेले.

बनावट नग कसा ओळखावा

मी घेतलेल्या त्या स्वस्त नगांवर ६४ जीबी छापलेलं होतं. कॉम्प्युटरलाही ६४ दिसत होते. मिंट भरलं, चाललं. मग एका काकूंनी त्यावर लग्नाचे फोटो टाकले आणि त्यातले बहुतेक उघडेनात. ते फोटो परत मिळाले नाहीत, आणि पेन ड्राइव्ह मी दिलेला होता. ती गोष्ट मला अजून लागते.

त्याचं असं होतं. आत खरी चिप आठ जीबीची असते, पण तिच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या भागात, फेरफार करून "मी ६४ आहे" असं खोटं सांगायला लावलेलं असतं. पहिले आठ जीबी नीट लिहिले जातात. त्यापुढचं एक तर हवेत जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसतं, फाइलचं नावही दिसतं, आत मात्र कचरा. म्हणून नुसतं माप पाहून काही कळत नाही. पूर्ण भरून परत वाचूनच तपासावं लागतं.

लिनक्सवर त्यासाठी एफ३ नावाचं छोटं मुक्त साधन आहे. ते आधी पेन ड्राइव्ह ठरावीक आकड्यांनी काठोकाठ भरतं, मग वाचून जुळवून पाहतं. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं. सोळा जीबीच्या सावकाश नगाला पाऊण तास सहज लागतो. खोक्यातला प्रत्येक नग तपासा. मी रात्री लावून झोपते. एक जरी खोटा निघाला तर सगळं खोकं परत.

एक नियम मी कधी मोडत नाही: दुसऱ्याकडून मिळालेला, कुठेतरी सापडलेला, कार्यक्रमात फुकट मिळालेला पेन ड्राइव्ह वाणासाठी वापरायचा नाही. पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्येच घातक कार्यक्रम घालून त्याला कीबोर्ड असल्याचं सोंग आणायला लावता येतं, हे २०१४ मध्ये संशोधकांनी जाहीरपणे करून दाखवलं आहे. फॉर्मॅट मारून ते जात नाही.

एकात एक, की एकात अनेक

व्हेन्टॉय नावाचं मुक्त साधन आहे. पेन ड्राइव्हवर ते एकदा बसवलं की इमेजच्या फाइली नुसत्या कॉपी करायच्या, सुरू करताना यादी येते, हवी ती निवडायची. माझ्या स्वतःच्या पर्समध्ये असा एक कायम असतो. पण वाटायला मी तो वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

एक कारण म्हणजे पहिल्यांदाच लिनक्स पाहणाऱ्या बाईपुढे सहा नावांची यादी ठेवली तर ती पेन ड्राइव्ह काढून ठेवते. निवड मी करायची. तिने वाण उघडायचं. दुसरं, सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रात व्हेन्टॉय पहिल्या वेळी निळा पडदा दाखवून किल्ली नोंदवायला सांगतं. मी शेजारी असेन तर एका मिनिटाचं काम, नसेन तर घाबरवणारं. मिंट आणि उबुंटू थेट भरले तर सिक्युअर बूट चालू असूनही सुरू होतात. तिसरं, व्हेन्टॉयचा मोठा भाग साध्या पेन ड्राइव्हसारखा लिहिता येतो, त्यामुळे फाइलींचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस त्यात बिनदिक्कत शिरतो. इमेज थेट भरली की तो भाग फक्त वाचता येतो. डीव्हीडीचा तो गुण इथे बराचसा परत मिळतो.

थेट भरण्यात एक अडचण आहे आणि ती आधीच सांगून ठेवावी लागते. असा पेन ड्राइव्ह चालू विंडोजमध्ये लावला की पुष्कळदा "ही डिस्क फॉर्मॅट करायची का?" असा प्रश्न येतो. माणूस सवयीने हो म्हणतो आणि सगळं पुसलं जातं. माझ्या चिठ्ठीवरची पहिली ओळ त्यामुळेच ठरली.

विंडोजवाल्या गठ्ठ्याचा पेन ड्राइव्ह वेगळा असतो. तो विंडोजला वाचता येणाऱ्या साध्या एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करून त्यात सॉफ्टवेअरच्या पूर्ण, नेटशिवाय चालणाऱ्या फाइली ठेवते. सगळ्यांना लेखन-हिशेबाचं लिब्रेऑफिस, त्याच्या मेनूंची भाषा मराठी करता येते, आणि मदतीचा भाग वेगळी फाइल असतो, तो विसरू नका. मग वहीतल्या चौथ्या उत्तराप्रमाणे चित्रांसाठी क्रिटा किंवा इंकस्केप, फोटोंसाठी गिंप, गाणाऱ्या मुलीला ऑडॅसिटी, सगळ्यांना व्हिडिओ पाहायला व्हीएलसी. फायरफॉक्सची छोटी फाइल देऊ नका, ती चालवल्यावर बाकीचं नेटवरून उतरवते. पूर्ण फाइल शोधून घ्या. पाचपेक्षा जास्त सॉफ्टवेअर एका घराला मी देत नाही.

डेबियनच्या नेटइन्स्ट इमेजबद्दलही हेच. ती एका जीबीच्या आत आहे म्हणून सोयीची वाटते, पण तिच्यातून पूर्ण डेस्कटॉप बसवायचा तर बाकीचं सगळं नेटवरूनच उतरवावं लागतं. ज्या घरात मोबाइलच्या डेटावर सगळं चालतं तिथे ती देणं म्हणजे अर्धं वाण देणं.

फॉन्टचा प्रश्न

मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ही जास्तीची काळजी आहे. इथे कित्येकांचा हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये आणि जुना मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये साठलेला असतो. त्या फाइली युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या, नाहीत. फॉन्ट नसेल तर त्या कुठल्याही यंत्रावर अगम्य अक्षरांसारख्याच दिसतात. पण लिनक्सवर पहिल्यांदा तसं दिसलं की दोष लिनक्सला जातो. फॉन्टची फाइल यंत्रावर असेल तर लिनक्समध्येही ती दोनदा टिचकी मारून बसवता येते. मात्र असे परवान्याचे फॉन्ट वाणाच्या पेन ड्राइव्हवर घालून वाटू नका. मुक्त सॉफ्टवेअर वाटताना दुसऱ्याच्या परवान्याचा मान राखायलाच हवा.

मराठी टायपिंगसाठी लिनक्सवरच्या आयबस या साधनात इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धती मिळतात. सीपीसीटीच्या उमेदवाराला हिंदीसाठी इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल लागतो. ज्यावर परीक्षा त्याच कीबोर्डवर सराव हवा, म्हणून परीक्षा होईपर्यंत अशा मुलाच्या यंत्राला मी हात लावत नाही.

इमेज उतरवणं आणि पडताळणं

इमेज फक्त वितरणाच्या स्वतःच्या पानावरून किंवा त्यांनी दिलेल्या मिररवरून (तीच फाइल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) घ्या. उतरवल्यावर एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) जुळवा, आणि त्या बेरजेच्या फाइलवरची डिजिटल सहीसुद्धा तपासा. हे अती वाटत असेल तर फेब्रुवारी २०१६ आठवा. लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनेमनच्या दुव्यामागे मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलेली इमेज लावली गेली होती. पान ताब्यात घेणारा माणूस तिथली बेरीजही बदलू शकतो, म्हणून सही. मी एकटी चुकीची इमेज वापरली तर नुकसान माझं. तीस घरांत दिली तर तीस घरांचं, आणि त्या घरांत बँकेचे व्यवहार चालतात.

दीर्घ आधाराचीच आवृत्ती घ्या. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे. दर सहा महिन्यांनी बदलणारं काही वाटू नका.

भरणं

आधी वेळेचा हिशेब करा. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला पाच-सहा एमबी लिहितो. तीन जीबीला आठ-दहा मिनिटं, आणि परत वाचून जुळवायला आणखी दोन-तीन. तीस नग एकामागून एक म्हणजे सहा तास. स्वतंत्र वीज घेणारा सात तोंडांचा हब लावला तर एका वेळी पाच-सहा भरता येतात. विजेविना चालणारा हब घेऊ नका. मधेच एखादा नग सुटतो आणि अर्धवट भरलेला नग वरून पूर्ण भरलेल्यासारखाच दिसतो.

मिंटमध्ये "यूएसबी इमेज रायटर" आधीपासून असतं. विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर. एचर लिहिल्यावर स्वतःच पडताळणी करतं, म्हणून मदतीला बसणाऱ्या मुलांना मी तेच देते. भरायला बसण्यापूर्वी त्या यंत्राला जोडलेल्या बाकीच्या बाहेरच्या डिस्क काढून ठेवा. यादीतून चुकीची डिस्क निवडली तर ती कायमची पुसली जाते.

प्रत्येक नगाला क्रमांक द्या आणि वहीत क्रमांकासमोर आवृत्ती, तारीख आणि घर लिहा. भरून झाल्यावर प्रत्येक खेपेतला किमान एक नग दोन यंत्रांवर सुरू करून पाहा, एक जुनं लेगसी आणि एक यूईएफआय. नुसता लोगो दिसला की थांबू नका. डेस्कटॉप येऊ द्या, वायफाय जोडा, एक मराठी ओळ लिहा.

चिठ्ठी

माझ्या मते अर्धं वाण चिठ्ठीत असतं. जाड कागद, मोठी अक्षरं, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. माझ्या चिठ्ठीवर एवढंच असतं:

१. विंडोजने फॉर्मॅट करायचं का विचारलं तर "नाही" म्हणा.

२. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.

३. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, "यूज अ डिव्हाइस" निवडा. हा पर्याय दिसला नाही तर यंत्र चालू होताच कळ दाबत राहा: डेल, लेनोवो, एसर एफ१२, एचपी एस्केप आणि मग एफ९, एसुस लॅपटॉप एस्केप.

४. जो डेस्कटॉप येईल तो नुसता वापरून पाहा. "इन्स्टॉल" दाबेपर्यंत तुमच्या विंडोजला काहीही होत नाही.

५. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतो का पाहा आणि मला कळवा.

६. इन्स्टॉल करण्याआधी मला फोन करा.

एसरच्या काही यंत्रांत एफ१२ ची यादी आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. ते चिठ्ठीवर मावत नाही, फोनवर सांगते. सहावी ओळ मुद्दाम आहे. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क न विचारता कूटबद्ध झालेली असते. बूटच्या मांडणीला किंवा विभागणीला हात लावला की विंडोज ४८ आकड्यांची बिटलॉकरची किल्ली मागतं, आणि ती नसेल तर सगळा मजकूर गेला. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. आधी ती कागदावर उतरवून घ्यायची, मगच पुढे.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आवृत्ती, भरल्याची तारीख, आधार कधीपर्यंत ते, आणि परवान्याची ओळ. ही ओळ बहुतेक जण विसरतात. लिनक्सच्या गाभ्याला जीपीएल या मुक्त परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे. वस्तूवर भरून हातात देताना सोबत सोर्स कोडही (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) द्या, किंवा किमान तीन वर्षं मागेल त्याला सोर्स कोड देण्याचं लेखी वचन द्या, असं ती सांगते. नफ्याशिवाय वाटलं म्हणून यातून आपोआप सुटका होत नाही. मी लिहिते: "यातल्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आजपासून तीन वर्षं मागेल त्याला भरून देईन." आणि जी इमेज वाटली तिच्यासोबतची सोर्स पॅकेजं वितरणाच्या सर्व्हरवरून उतरवून एका डिस्कवर ठेवते. आजवर कोणी मागितला नाही, पण शब्द दिला आहे तर तयारी हवी. इमेज जशी आली तशीच वाटा. आत काही बदललंत तर उबुंटूसारखी नावं परवानगीशिवाय त्यावर लावता येत नाहीत.

वाटण्याचा दिवस

दाराशी एका टेबलावर २०१४ चा लॅपटॉप मिंट चालू करून ठेवते. त्यावर लिब्रेऑफिसमध्ये उखाण्यांची फाइल उघडी असते, ज्या येतील त्या आपला उखाणा टाइप करतात. दहा मिनिटांत कोणाला खरंच रस आहे ते कळतं. ज्यांनी लॅपटॉपला हात लावला, प्रश्न विचारले, त्यांना वहीप्रमाणे पेन ड्राइव्ह. बाकीच्यांना गाळणी किंवा वाटी, कारण वाण न घेता कोणी परत जाऊ नये आणि पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडून राहू नये. मी आमंत्रणांच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढेच भरते.

पुढचा रविवार बसवण्यासाठी राखून ठेवा. ज्यांना मनापासून पाहिजे त्या चार्जर, बॅकअप आणि बिटलॉकरची किल्ली घेऊन येतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी घालायला सुचवा. दहा वर्षांच्या लॅपटॉपला कुठल्याही सिस्टिमपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. इन्स्टॉल झाल्यावर पेन ड्राइव्ह पुसू देऊ नका. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि नेट नसताना मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर तो त्याच पेन ड्राइव्हवरून घेऊ शकतो.

पूर्वी वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा आणि बायका घरातली पितळी भांडी बाहेर काढायच्या. तसं मी पौष लागला की निरोप पाठवते: गेल्या वर्षीचा पेन ड्राइव्ह आणा, नवं भरून न्या. फक्त माझ्या क्रमांकाचे नग घेते. ते लिनक्सच्या यंत्रात लावते, सबंध पुसते, एफ३ पुन्हा चालवते आणि जे नापास होतात ते हातोडीने फोडून ई-कचऱ्यात देते. वर्ष-दोन वर्षं न वापरता पडलेल्या नगाचा मजकूर टिकेलच असं नाही, म्हणून चालत असला तरी भरते नव्यानेच.

चार नग भरून देवघराच्या शेजारच्या कप्प्यात राखीव असतात. रंगपंचमीच्या सुमाराला, गेर (इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक) पाहायला आलेले पाहुणे परतले की फोन सुरू होतात: "अगं, तो तुझा पेन ड्राइव्ह मुलाने पुसला, दुसरा आहे का?"